आधी अंगठे, मग मारुती

दादासो देवकाते मनानं वाईट होता असं बारामतीत कुणी म्हणणार नाही. तो एसटीत कंडक्टर होता. बारामती-इंदापूर गाडीवर असताना म्हातारीचं गाठोडं स्वतः उचलून आत घ्यायचा, बाळंतिणीला खिडकीची जागा करून द्यायचा, आणि शाळेच्या पोरांवर ओरडला तरी त्यांना स्टॉपवर सोडून गाडी कधी हलवायचा नाही. पण माणूस जळका होता. कुणी बंगला बांधला, कुणाच्या दारात ट्रॅक्टर आला, त्याचं याला काही नसे. याचा जीव तालमीतल्या सिंगल बारात अडकलेला. त्या आडव्या लोखंडी दांडीवर आपल्यापेक्षा दुसरं कुणी बरं करतंय म्हटलं की याच्या पोटात दुखायला लागलंच.

त्यालाही कारण होतं. दादासोचं घराणं मोरगावकडचं, मेंढरं राखणारं. बापाच्या हयातीतच मेंढरं गेली, आणि दादासो चुलत्याकडं बारामतीला आला तो तालमीतच वाढला. दत्तोबा वस्तादांनी त्याला आधी मल्लखांबावर चढवलं, मग बारावर. बाराला लोंबकळून अंगाचा पूर्ण फेरा घ्यायचा, पाय आभाळाकडं नेऊन पुन्हा खाली यायचं, हे त्या तालमीत पहिल्यांदा केलं ते दादासोनं. फेऱ्याच्या वेगात दांडी सोडून, हवेत एक कोलांटी मारून तो खाली उभा राहायचा तेव्हा दसऱ्याच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या. दहा वर्षं हे कौतुक त्यानं एकट्यानं खाल्लं. एवढं गोड एकट्यानं खाल्लेलं माणसाला कधी ना कधी बाधतंच.

बाधलं ते संभाजीच्या रूपानं. संभाजी इंदापूर तालुक्यातल्या बागायतदाराचा मुलगा. उंच, सडपातळ, हसरा. घरी ऊस, बुडाखाली मोटरसायकल, आणि वागायला इतका गरीब की त्याचा राग करायचा म्हटलं तरी आपल्यालाच लाज वाटावी. तालमीत आला तेव्हा त्याला दांडी नीट धरता येत नव्हती. ती धरायला शिकवली दादासोनंच. अंगठा कसा ठेवायचा, हाताला पांढरी पावडर किती लावायची, झोका घेताना खांदे कसे सैल सोडायचे, सगळं. तेव्हा दादासोला तो आवडायचाही. कच्चा माणूस कुणालाही आवडतो.

मग ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात एके सकाळी संभाजी फेऱ्यातून सुटला आणि त्यानं हवेत एकाच्या जागी दोन कोलांट्या मारल्या. खाली पोत्यांत उसाचं पाचट भरून शिवलेल्या गाद्या होत्या. त्यांवर तो गुडघ्यांवर पडला, पण दोन झाल्या होत्या. सगळी तालीम ओरडली. वस्तादांनी त्याला उराशी धरलं. दादासोनंही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याच्या स्वतःच्या तळहातांना किती लागल्या ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्यानंतर तालमीत माणसं यायची ती संभाजीला बघायला. दादासो बारावर चढला की पोरं बाहेर पाणी प्यायला जायची. एसटी स्टँडवरचा चहावाला विचारायचा, "तुमचा चेला लई भारी उडतोय म्हणं?" दादासो म्हणायचा, "व्हय, चांगला हाय पोरगा," आणि चहा अर्धा टाकून निघायचा. हे एक वेळ चाललं असतं. पण दसऱ्याच्या कार्यक्रमाहून परतताना त्याची बायको रोहिणी सहज म्हणाली, "अवो, ते संभाजी किती वर जातंय! मला तर वाटलं खाली येतच न्हाय." बिचारीच्या मनात काही नव्हतं. दादासो मात्र त्या रात्री जेवला नाही आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

दादासोला स्वतःला दोन कोलांट्या जमत नव्हत्या. जमत नव्हत्या म्हणजे त्यानं कधी मारूनच बघितल्या नव्हत्या. तो म्हणायचा, बार जुना झालाय, दांडी एका बाजूला झुकलीय, गाद्या पातळ आहेत. नाचता येईना अंगण वाकडं. खरं कारण साधं होतं. त्याला भीती वाटायची. एका कोलांटीलाच उंची जेमतेम पुरायची, दुसरीला कुठून आणायची? आणि हे पोरगं ती कुठून आणतं, हे त्याला कळत नव्हतं.

म्हणून तो बघायला लागला. ड्यूटी दुपारची असली की सकाळभर तालमीच्या पायरीवर बसून संभाजीला न्याहाळायचा. लोकांना वाटायचं, काय माया आहे! मायेचा डोळा अर्धं बघतो आणि अर्धं सोडून देतो. दादासोच्या डोळ्यानं काही सोडलं नाही. संभाजी खाली येताना पोट किंचित पुढं टाकतो, दांडीच्या बरोबर खाली आला की पाय चाबकासारखे झटकतो, त्या झटक्यानं दांडी वाकते आणि सरळ होताना त्यालाच वर फेकते, हे त्यानं हेरलं. हवेत गेल्यावर गुडघे छातीशी जितके घट्ट, तितका अंगाचा गोळा लवकर फिरतो, हेही हेरलं. सगळं बरोबर होतं. दादासोला चूक हवी होती. चूक सापडल्याशिवाय त्याला झोप लागणार नव्हती.

ती सापडली गाद्यांवर. पाचटाच्या गादीवर माणूस पडला की तिथं खळगा पडतो. संभाजीचा खळगा दिवाळीला पार पलीकडच्या गादीवर पडायचा. संक्रांतीला मधल्या गादीवर पडू लागला. शिमगा आला तेव्हा तो अगदी बाराच्या जवळच्या गादीवर होता. गडी वर तितकाच जात होता, पण जाताना मागं, दांडीकडं सरकत होता. एवढा कशानं सरकतोय, याचा विचार करत दादासोनं गाडीत तिकिटं फाडली, घरी जेवला, बाजारातून भाजी आणली. कळलं ते मात्र भिगवणजवळ गाडी पंक्चर होऊन थांबली तेव्हा.

रस्त्याकडेच्या ज्वारीत माचावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत पाखरं राखत होती. एक दगड तिनं जरा उशिरा सोडला, आणि तो पुढं न जाता उंच चढून तिच्याच डोक्यावरनं मागं पडला. बाई स्वतःलाच शिवी देऊन हसली. दादासो उभाच राहिला. लहानपणी मोरगावच्या माळावर असाच उशिरा सुटलेला दगड त्यानं आपल्याच मेंढीला घातला होता आणि बापाचा मार खाल्ला होता. संभाजी उशिरा सुटत होता. इतका झटका देऊन वर गेल्यावर दांडी क्षणभर जास्त धरत होता.

आणि का धरत होता, तेही दादासोला त्याच जागी उमगलं. त्या तालमीचा एक दंडक होता. मल्लखांबावरून उतरलं की नजर मारुतीवर पाहिजे. दत्तोबा वस्तादांनी तोच दंडक बाराला लावला होता, आणि त्यात स्वतःची भर घातली होती. हात सुटायच्या आधीच डोळे मारुतीला शोधायला लागले पाहिजेत. "त्यो दिसला की तू वाचलास," म्हणायचे. मारुतीचा कोनाडा बाराच्या मागच्या भिंतीत होता. तो दिसायचा तर वर जातानाच मान मागं टाकावी लागायची. मान मागं गेली की खांदे मागं येतात, छाती उघडते, आणि हात दांडीला चिकटून राहतात. एका कोलांटीत हे खपून जायचं, वेग कमी असायचा. म्हणून इतकी वर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. दोन कोलांट्यांच्या वेगात ते माणसाला उलट दांडीवर आणून टाकणार होतं. आणि संभाजी वस्तादांचा इतका आज्ञाधारक, की जसजसं अंगवळणी पडलं तसतशी मान आणखी लवकर टाकू लागला होता.

चूक सापडली, आणि दादासो त्या दिवशी पोटभर जेवला. रोहिणीनं भाकरी वाढताना विचारलं, "आज काय झालं एवढं?" तो म्हणाला, "काय न्हाय, भूक लागली."

कुणाला सांगायचा प्रश्नच त्याच्या मनात आला नाही. एप्रिलमध्ये पुण्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सिंगल बारासाठी एकच जागा होती, आणि तालमीतून दोघं जाणार होते, संभाजी आणि दादासो. दादासो एकतिशीचा झाला होता. ही जागा गेली की पुन्हा जागा नव्हती. संभाजीनं दोन कोलांट्या नीट मारल्या तर जागा त्याची, हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं. नीट मारल्या नाहीत तर? दादासो त्या ‘तर’वर महिनाभर जगला. पोरगं धडपडेल, गुडघ्यावर पडेल, परीक्षक मान हलवतील, आपण आपली एक कोलांटी मारून ताठ उभे राहू. इतकंच त्याला हवं होतं. पोरगं मरावं असं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

मग निवडीच्या आदल्या आठवड्यात, भर सकाळी, संभाजीची टाच दांडीला लागली. आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गादीवर वाकडा पडला, लंगडत उठला आणि हसून म्हणाला, "घसारलो जरा." वस्ताद म्हणाले, "मारुतीला नारळ फोड. नजर लागलीया तुला कुणाची तरी." पायरीवर बसलेल्या दादासोनं खाली बघितलं. नजर कुणाची होती ते त्याला माहीत होतं, पण टाच नजरेनं लागली नव्हती. आज टाच लागली. पुण्याचा बार नवा, जास्त लवचीक, इथल्यापेक्षा जोरात फेकणारा. तिथं डोकं लागणार होतं.

त्या दिवसापासून दादासोचं अन्न पुन्हा तुटलं. इथं एखादा म्हणेल, बघा, माणुसकी जागी झाली. मला तसं म्हणवत नाही, कारण दादासोच्या मनात काय चाललं होतं ते त्यानंच मला पुढं सांगितलं. माळेगावच्या फाट्यावर गाडी थांबली असताना त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला तो संभाजीचा फोटो. हार घातलेला, तालमीत, मारुतीच्या शेजारी. खाली उदबत्ती. दरवर्षी त्याच्या नावानं स्पर्धा, त्याच्या नावाचा चषक. आणि तो चषक द्यायला स्टेजवर कोण? कैलासवासी संभाजीचे गुरू, दादासो देवकाते. पोरं म्हणणार, संभाजीसारखा पुन्हा झाला नाही. जिवंत माणूस कधी तरी म्हातारा होतो, पोट सुटतं, बारावरनं उतरतो. फोटोतला माणूस कधीच उतरत नाही. त्याच्याशी बरोबरी करणार कोण? दादासोला हिशेब कळला. हा मेला, तर मी जन्मभर हरलो. एवढ्यासाठी, निव्वळ एवढ्यासाठी, त्यानं सांगायचं ठरवलं.

पण ठरवलं तरी तोंडातून शब्द निघेना. निवडीच्या दिवशी एसटीत शेजारी बसून पुण्यापर्यंत गेला आणि उन्हाळ्यावर बोलला. वस्तादही सोबत होते. त्यांनी तालमीतला मारुतीचा जुना फोटो टॉवेलात गुंडाळून आणला होता, आणि हॉलमध्ये शिरल्याबरोबर बाराच्या मागं एक खुर्ची ओढून त्यावर तो मांडला. पुण्याची पोरं हसली. संभाजीनं लांबूनच हात जोडले. मग दादासो त्याला खांद्याला धरून कोपऱ्यात घेऊन गेला.

"संभ्या, ऐक. सुटताना मारुतीकडं बघू नको."

"काय म्हंता दादा?"

"मान मागं टाकतूस तू. हात उशिरा सुटत्यात. गोफणीचा धोंडा उशिरा सोडला की काय हुतं? आपल्याच डोक्यावर येतो. आधी पायाचं अंगठं बघ. अंगठं दांडीच्या वर गेलेलं दिसलं की सोड. मारुती मग बघ, खाली येताना."

संभाजी त्याच्याकडं बघत राहिला. गरीब होता, बावळट नव्हता. "दादा," तो हळू म्हणाला, "तुमी लई दिस पायरीवर बसून बघताय. हे आजच दिसलं व्हय तुमाला? जागा एकच हाय."

दादासोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. महिनाभर गप्प बसल्याचं फळ त्याच्या पदरात पडलं होतं. खरं सांगायला गेला तर खोटा ठरत होता, आणि हे पोरगं आता मुद्दाम आणखी लवकर मान टाकणार होतं, देवाचा मान राखायला. तेवढ्यात दादासोच्या नावाचा पुकारा झाला. त्याचा नंबर आधी होता.

हाताला पावडर लावताना त्याला कळलं की आता तोंडानं सांगून भागणार नाही. त्यानं मागं वळून सांगितलं, "माझी मान बघ. दुसरं काय बघू नको." आणि दांडी धरली.

त्यानं स्वतः कधी तसं करून बघितलं नव्हतं. दत्तोबांच्या डोळ्यांदेखत मारुती टाळायची हिंमत तालमीत कुणाचीच नव्हती. पहिला फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्याला खाली येताना त्यानं पोट पुढं टाकलं, दांडीखाली पाय झटकले आणि हनुवटी छातीकडंच ठेवली. आपलेच दोन अंगठे त्याला दिसले, वर चाललेले, दांडीच्याही वर. त्यानं हात सोडले.

आणि तो वर गेला. इतका वर तो जन्मात गेला नव्हता. एक कोलांटी झाली आणि अजून खाली यायला कितीतरी अवकाश होता. त्याला छताचे पंखे दिसले, परीक्षकांचं टेबल दिसलं, मग निवांतपणे मारुतीही दिसला. तो बारापासून लांब, गादीच्या मधोमध उतरला आणि पाय हलला नाही. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. दत्तोबा जागेवरून अर्धे उठले होते, रागानं की आश्चर्यानं, सांगता येत नव्हतं. दादासोच्या छातीत काहीतरी फुटून वाहायला लागलं. एवढी उंची आपल्या अंगात होती! दहा वर्षं होती! एवढ्या उंचीत दोन सहज बसल्या असत्या.

त्या आनंदातच त्यानं संभाजीकडं बघितलं. संभाजीनं त्याची मान बघितली होती. त्याचं तोंड बदललं होतं, संशय गेला होता. आणि दादासोच्या ध्यानात आलं, की आपल्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली उडी आपण या पोराला नमुना म्हणून दाखवली. जागा आपल्या हातानं त्याच्या ओंजळीत घातली. त्याला वाटलं, ओरडून सांगावं, खोटं होतं ते, बघ मारुतीकडं. जीभ टाळ्याला चिकटली म्हणून बरं.

संभाजी बारावर गेला. फेरे घेतले. सुटताना मान पुढं होती. तो दांडीपासून लांब, उंच गेला, गोळा झाला, दोनदा फिरला, उलगडला आणि धप्पकन दोन्ही पायांवर उभा राहिला. पुण्याची पोरंसुद्धा उभी राहिली. जागा त्याची झाली. दादासोला राखीव म्हणून ठेवलं.

निकाल लागल्यावर संभाजीनं सगळ्यांसमोर वाकून दादासोच्या पायाला हात लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "हे ह्यांनी शिकवलं. मागच्या घटकंला शिकवलं, सोता करून दावलं." एका परीक्षकानं येऊन दादासोचा हात हातात घेतला. स्वतःची जागा जाणार हे माहीत असून प्रतिस्पर्ध्याला वाचवणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला होता म्हणे. दादासोला ते ऐकताना मिरच्या झोंबत होत्या. त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत येताना दौंडच्या पुढं गाडीत गर्दी कमी झाली. वस्ताद मागच्या सीटवर मारुतीचा फोटो मांडीवर घेऊन झोपले होते. संभाजी दादासोशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "दादा, मी तुमाला वंगाळ बोललो. पण तुमी सांगितलं कशापायी? न्हाय सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

दादासो थकला होता. सबब शोधायची ताकद उरली नव्हती. तो खरं बोलला. "तू मेला असतास तर तालमीत तुझा फोटो लागला असता. फोटूला कोण हरवनार? मला तू जित्ता पायजे हुतास. तुला खाली पडलेला बगायचा हुता मला, मेलेला न्हाय. जळतो मी तुझ्यावर. तू दोन मारल्यास त्या दिसापासनं."

संभाजीनं त्याच्याकडं बघितलं आणि तो हसायला लागला. इतका हसला की ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. "काय बी बोलताय दादा! येवढ्या मोठ्या मनाचा मानूस, अन् वर चेष्टा." दादासोनं शपथ घातली तरी त्याला ते पटलं नाही. पुढं ही गोष्ट त्यानं बारामतीभर केली, आणि प्रत्येक वेळी लोक तिथंच हसले.

हसणं थांबल्यावर संभाजी जवळ सरकला. त्याच्या आवाजात आता खरीखुरी माया होती आणि तीच सगळ्यांत वाईट होती. "दादा, तुमची आजची उडी बगितली मी. लई उंची हाय तुमच्यात. तुमी बी दोन मारा. घाबरू नका. मी शिकवतो तुमाला."

दादासोच्या अंगाची लाही झाली. ज्याला दांडी धरायला शिकवली तो शिकवणार म्हणतो. त्याला वाटलं, गाडी थांबवून इथंच उतरावं आणि चालत घरी जावं. त्याला तालमीची पायरी आठवली, तिच्यावर बसून घालवलेल्या सकाळी आठवल्या. मग ते छताचे पंखे आठवले, आणि खाली यायला उरलेला तो अवकाश.

"उंद्या सकाळी याल का तालमीत?" संभाजीनं विचारलं.

दादासोनं खिडकीबाहेर बघत दात आवळले. "तुज्या आदी येतो," तो म्हणाला.